कोऱ्या पानावर कालचं: अभ्यासाच्या ताणावरची एक कविता चित्रात उतरवताना

पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, विट्याच्या आसपासच्या एका गावातलं माध्यमिक विद्यालय. नववीचा वर्ग, पटावर ३४ मुलं-मुली. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, पण गावाची जातकुळी बदललेली नाही, कारण पुढे जे घडलं त्यात तिचा वाटा आहे. हा भाग गलाईवाल्यांचा. सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यात इथली घरंच्या घरं देशभर पांगली आहेत. वडील परराज्यात, बऱ्याचदा आईही तिकडेच, आणि पोरं गावी आजी-आजोबांपाशी, अशी स्थिती या वर्गात अपवादाची नव्हती. अभ्यासाची चौकशी फोनवर होते. फोनवर वेळ थोडा असतो, म्हणून ती चौकशी बहुतेक वेळा एका आकड्यापाशी येऊन थांबते.

शाळेच्या हस्तलिखितात दहावीतल्या एका मुलीने ही कविता लिहिली होती:

घड्याळ म्हणतं, ऊठ.
वही म्हणते, लिही.
आजी म्हणते, थोडंच राहिलंय,
थोडंच राहिलंय, थोडंच राहिलंय.
फोनवर पप्पा विचारतात, किती?
मी म्हणते, किती काय?
आवाज तुटतो.
रात्री पाटी पुसून झोपते.
सकाळी तिच्यावर
कालचंच उमटलेलं असतं.

मराठीच्या बाईंनी ती कलाशिक्षकांना दाखवली. जानेवारीअखेरच्या पालकसभेत भिंतीवर काहीतरी लावायचं होतंच. नववीने या कवितेवर चित्रं करावीत, असं ठरलं. हाताशी पाच आठवडे, आठवड्याला ३५ मिनिटांच्या दोन तासिका आणि १,८०० रुपये.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. वर्गातली ११ मुलं इंटरमिजिएट ही शासकीय चित्रकला ग्रेड परीक्षा देऊन आली होती. या परीक्षेत ए श्रेणी मिळाली तर दहावीला ७ वाढीव गुण मिळतात, बी ला ५, सी ला ३. त्यामुळे ताणावरचं चित्र काढायला बसलेल्या मुलांचा चित्रकलेचा तासही गुणांच्या हिशेबातून सुटलेला नव्हता. सरांनी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिलं: या कामाला गुण नाहीत, नंबर नाहीत. मुलांचा त्यावर विश्वास बसायला दोन आठवडे लागले.

अडचण

पहिल्या दोन तासिकांत कविता फळ्यावर लिहून तीनदा वाचली आणि प्रत्येकाला पाव इम्पिरियल कागद दिला (सुमारे २८ बाय ३८ सें.मी.). ३४ चित्रं आली. २१ चित्रांत टेबलावर डोकं धरून बसलेला मुलगा किंवा मुलगी, ६ चित्रांत पुस्तकांचा डोंगर आणि खाली चिरडलेला माणूस, ३ चित्रांत मोठं घड्याळ. दोघांनी मोबाइलवर पाहिलेली एडवर्ड मुंक या चित्रकाराची १८९३ सालची किंचाळणारी आकृती उतरवली होती. एका मुलीने रात्रीचा रिकामा वर्ग काढला होता. उरलेल्या एका चित्राबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

चित्रं वाईट नव्हती. प्रमाण, छायाप्रकाश, रंगलेपन, सगळं शिकवल्याप्रमाणे होतं. दोष तिथेच होता. ग्रेड परीक्षेच्या स्मरणचित्रात प्रसंग पाहताक्षणी ओळखू यावा लागतो: माणसं हवीत, ती काहीतरी करताना दिसायला हवीत, मागे जागा हवी, कागद भरलेला हवा. मुलांनी त्याच सवयीने कवितेतली नामं उचलली: घड्याळ, वही, फोन. ही चित्रं अभ्यासाच्या ताणावरच्या दुसऱ्या कुठल्याही कवितेखाली लावली असती तरी चालून गेली असती. शेवटच्या तीन ओळींना तर एकाही चित्राने हात लावला नव्हता. पाटी पुसली, तरी सकाळी कालचंच उमटलेलं. कवितेचा सगळा भार या ओळीवर आहे. आणि रडवेल्या चेहऱ्यांच्या त्या गठ्ठ्यात रडणं शोधू गेलं, तर मूळ कवितेत ते कुठेच नाही.

मुख्याध्यापकांची काळजी वेगळी होती. पालकसभेत ३४ दुःखी चेहरे भिंतीवर लागले तर लोक शाळेलाच विचारतील, असं त्यांचं म्हणणं. ही काळजी झटकून टाकण्यासारखी नव्हती. फक्त तिचं उत्तर चित्रं गोड करण्यात नव्हतं.

नामांकडून क्रियापदांकडे

तिसऱ्या तासिकेला सरांनी कविता पुन्हा लिहिली आणि नामं पुसून टाकली. उरलं ते असं: म्हणणं, ऊठणं, लिहिणं, राहणं, विचारणं, तुटणं, पुसणं, झोपणं, उमटणं. पाच-पाच, सहा-सहांचे गट केले आणि प्रत्येक गटाला एक क्रियापद दिलं. सूचना एकच: या क्रियेचं चित्र काढायचं नाही, कागदावर ती क्रिया करायची.

सूचना ऐकून मुलं गोंधळली. तेव्हा डिसेंबरातल्या सहलीची आठवण कामी आली. औंधचं श्री भवानी चित्रसंग्रहालय वर्गाने नुकतंच पाहिलं होतं. औंधचे राजे, स्वतः चित्रकार असलेले बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ते १९३८ मध्ये उभारलं. तिथे हेन्री मूर या ब्रिटिश शिल्पकाराचं माता आणि बालक हे शिल्प आहे. "त्या आईची माया तुम्हाला कशावरून कळली?" असं सरांनी विचारलं. चेहऱ्यावरून, असं कुणीच म्हणालं नाही. दोन आकार एकमेकांना कसे लागून आहेत, त्यावरून कळली. मग ताणही आकारावरून, दाबावरून, घासण्यावरून कळेल का, हा पुढचा प्रश्न मुलांनीच विचारला.

'तुटणं' गटाने कागद फाडले आणि पट्टी लावून फाडलेली कड व हाताने फाडलेली कड यांतला फरक पाहिला. 'म्हणणं' गटाने 'थोडंच राहिलंय' एकावर एक इतक्या वेळा लिहिलं की शेवटी काळा ठिपका राहिला. 'पुसणं' गट कोळशाने कागद काळा करून खोडरबराने पुसत होता. पुसून कागद कधीच पूर्ण कोरा होत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं.

वळण आलं ते या गटातल्या एका मुलाच्या कंजूषपणामुळे. ड्रॉइंग पेपर वाया जाऊ नये म्हणून त्याने गणिताच्या कच्च्या वहीचं कोरं पान घेतलं आणि त्यावर पेन्सिलीची कड आडवी घासली. करड्या रंगात पांढरे आकडे वर आले. आदल्या दिवशी वरच्या पानावर सोडवलेलं समीकरण, दोनदा चुकून खोडलेल्या पायऱ्यांसकट. "सर, हे कालचं आलं." दोन-तीन मुली एकदम म्हणाल्या, "कवितेतलं!"

विचारात घेतलेले पर्याय

चौथ्या तासिकेआधी सर, मराठीच्या बाई आणि मुख्याध्यापक यांनी चार वाटा समोर ठेवल्या.

पहिली, चांगली १२ चित्रं निवडून फ्रेम करायची आणि पहिल्या तिघांना बक्षीस द्यायचं. सोपं, सवयीचं. पण निवड म्हणजे पुन्हा नंबर, आणि पहिल्या दिवशी दिलेला शब्द मोडला असता. ही वाट मुख्याध्यापकांनीच सोडली.

दुसरी, ८ बाय ४ फूट प्लायवूडवर एकच मोठं चित्र. यात हात चांगला असलेली पाच-सहा मुलं काम करतात आणि बाकीची रंग कालवतात. बजेटमध्येही बसत नव्हतं.

तिसरी, लिनोछपाई, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरून त्याचा शाईने छाप घेणं. 'उमटणं'ला छपाई जवळची होती, म्हणून सरांचा कल इकडे होता. अडचणी तीन: ३४ मुलांच्या हातात धारदार कोरणी आणि देखरेखीला एक शिक्षक, अक्षरं उलटी कोरावी लागतात आणि नवख्यांची हमखास सुलट कोरली जातात, शिवाय शाळेत छापयंत्र नसल्याने चमच्याच्या पाठीने घासून छापावं लागलं असतं, ज्यात शाई कमी-जास्त बसते.

चौथी, वह्यांच्या पानांवरचे ठसे घासून वर आणायचे. खडबडीत पृष्ठावर कागद ठेवून घासण्याचं हे तंत्र कलेत नवं नाही. मॅक्स अर्न्स्ट या चित्रकाराने १९२५ मध्ये जमिनीच्या लाकडी फळ्यांवर कागद ठेवून ते वापरलं. इथे खाली फळी नव्हती, कागदातच खाच होती. खर्च जवळपास नाही, हात चांगला असण्याची अट नाही, आणि दाब नावाची गोष्ट रूपक म्हणून नव्हे तर खरोखरच कागदात दिसते. हीच वाट घेतली आणि ती योग्य होती. मात्र तिच्यात एक धोका होता आणि तो त्या दिवशी तिघांपैकी कुणाच्याही लक्षात आला नाही.

प्रत्यक्ष काम

या कामाच्या पहिल्या तासिकेत निम्मे प्रयोग फसले. कारणं पुढे उपयोगी पडतील म्हणून सविस्तर देत आहोत.

ठसा वहीत उमटतो, सुट्या कागदाखालच्या कडक पॅडवर नाही. खाली सात-आठ पानांची गादी असली की बॉलपेनचं टोक आत जातं. जेलपेनने लिहिणाऱ्यांच्या पानांवर काहीच आलं नाही, कारण जेलपेन न दाबता चालतं. पहिल्या खालच्या पानावर ठसा सर्वांत खोल, दुसऱ्यावर अर्धा, तिसऱ्यावर जेमतेम. स्वस्त वहीचा पातळ कागद इथे चांगल्या वहीपेक्षा सरस ठरला.

घासायला ६बी ही मऊ, गडद पेन्सिल, तीही जवळजवळ आडवी धरून. टोकाने घासलं की नव्या रेषा पडतात. हात हलका हवा. जोर लावला तर खाचेच्या कडा दबतात, ग्रॅफाइट खाचेत शिरतं आणि अक्षर बुजतं. ते पान पुन्हा दुरुस्त होत नाही. आधी एकाच दिशेने पूर्ण पान, मगच हवं तिथे दुसरा हात. कोळसा वापरू नये, त्याची पूड खाचा भरून टाकते. मेणखडू कागदाचा पोतच जास्त पकडतो. पूड हाताने झाडायची नाही, मऊ ब्रशने किंवा फुंकरीने. चार मुलांनी तळहाताने झाडली आणि पानभर करडे फरफटे पडले.

घासलेलं पान खोडरबराने मागे नेता येत नाही. म्हणून प्रत्येकाने तीन पानं निवडावीत आणि त्यातलं एक न घासताच ठेवावं, असं ठरलं. हे न घासलेलं पान हीच प्रदर्शनातली सगळ्यात चांगली कल्पना, आणि ती रात्रीचा रिकामा वर्ग काढणाऱ्या मुलीची. समोरून पाहिलं तर पान कोरं. पण टॉर्च पानाला जवळजवळ चिकटवून आडवा प्रकाश टाकला की खाचांत सावली भरते आणि लिखाण दिसू लागतं. टॉर्च समोर आणला की पुन्हा कोरं. पुसलेली पाटी आणि उमटलेलं काल, दोन्ही एकाच कागदावर.

घासलेल्या पानांवर फिक्सेटिव्हचे (पेन्सिलीची पूड कागदावर धरून ठेवणाऱ्या द्रावाचे) दोन हलके फवारे, एक फुटावरून, उघड्या व्हरांड्यात. न घासलेल्या पानांवर वजन ठेवायचं नाही, ती गठ्ठ्यात दाबली की ठसे सपाट होतात. म्हणून ती दोरीला लटकवूनच ठेवली. खर्च: पेन्सिली, फिक्सेटिव्हचा एक डबा, सुतळी, चिमटे, तीन टॉर्च मिळून १,१४० रुपये.

ते एक चित्र

पहिल्या गठ्ठ्यातल्या एका चित्रात मुलाने स्वतःला इजा करून घेण्याकडे बोट दाखवणारा तपशील होता. तो तपशील इथे देण्याची गरज नाही. गडद रंग, एकटा माणूस, बंद दार या गोष्टी दहा-बारा चित्रांत होत्या आणि तेवढ्यावरून काळजीचं कारण नव्हतं. चित्रावरून निदान करता येत नाही, शिक्षकाने तसा प्रयत्नही करू नये. पण इतक्या थेट खुणेला कवितेचा परिणाम म्हणून सोडूनही द्यायचं नसतं.

सरांनी चित्र बाजूला काढलं, वर्गात त्याचा विषय काढला नाही. शाळा सुटायच्या आधी, जिथे दोघं दिसतील पण बोलणं ऐकू जाणार नाही अशा व्हरांड्याच्या टोकाला मुलाला बोलावून "या चित्राबद्दल मला सांगशील का?" एवढंच विचारलं. मुलगा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, घरी सांगू नका." सरांनी तसं वचन दिलं नाही. "कुणाला सांगायचं ते आपण दोघं मिळून ठरवू, पण मी एकटा हे ठेवून घेणार नाही," असं सांगितलं. मरण्याचा विचार मनात येतो का, हेही सरळ विचारलं. असं विचारल्याने विचार डोक्यात शिरतो हा समज चुकीचा आहे.

त्याच दिवशी मुख्याध्यापकांना कळवलं, आजोबांना शाळेत बोलावलं, आणि मुलासमोरच टेलि-मानस या मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन केला. ही सरकारी मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. तिथून पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणं सुरू झालं. वडील आठ दिवसांनी गावी आले. मुलाला वर्गाच्या कामातून काढलं नाही. येऊ वाटलं तर ये, असं ठेवलं. तो सुतळी बांधायला आला.

इथे एक चूक झाली. ते चित्र सापडेपर्यंत पूर्ण गठ्ठा दोन तास शिक्षकखोलीच्या टेबलावर उघडा होता आणि दोन मुलांनी तो चाळला होता. अशा विषयावरची चित्रं गोळा होताच लगेच, एकट्याने, त्याच तासिकेत पाहायला हवीत.

लावण्याच्या आदल्या दिवशी

१०२ पानं तयार होती. मराठीच्या बाई ती वाचत होत्या आणि एका घासलेल्या पानावर थबकल्या. समीकरणांच्या मध्ये, तिरक्या अक्षरांत, एका मुलीने मैत्रिणीसाठी लिहिलेली ओळ होती. वरचं पान तिने कधीच फाडून दिलं होतं. ओळ घरातल्या पैशांबद्दल होती आणि उद्या तिच्या घरचे तिथे उभे राहणार होते.

हा तो न दिसलेला धोका. हे तंत्र दडलेलं वर आणतं, हीच त्याची ताकद. पण काय वर यावं हे ज्याचं त्याने ठरवायला हवं होतं. मुलांनी पानं निवडली होती खरी, पण घासण्याआधी, म्हणजे त्यात काय आहे हे ठाऊक नसताना.

पर्याय दोन होते: आक्षेपार्ह वाटेल ते शिक्षकांनी काढावं, किंवा सगळी पानं सगळ्यांना परत द्यावीत. पहिला पर्याय झटपट होता, पण त्यात शिक्षकांना प्रत्येक मुलाचं खासगी लिखाण वाचावं लागलं असतं. दुसरा घेतला. पानं परत दिली, टॉर्चही दिले आणि सांगितलं: ठेवायचं ते ठेवा, झाकायचं ते झाका, न्यायचं ते घरी न्या, कारण सांगू नका. ७१ पानं परत आली. नऊ पानांवर काळ्या कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. त्या तशाच लावल्या.

परिणाम

पाच वर्गांसमोरच्या व्हरांड्यात, साडेचार फूट उंचीवर सुतळीच्या दोन रांगा. ज्या फलकावर एरवी चाचणीची गुणयादी लागते तो त्या दिवसापुरता हलवला. कविता सुरुवातीला न लावता शेवटच्या भिंतीवर लावली: आधी पाहणं, मग वाचणं. कवयित्रीने नाव नको म्हटलं होतं, ते लावलं नाही.

साठेक पालक आले, त्यांत आजी-आजोबाच जास्त. मुख्याध्यापकांना जी भीती होती तशी तक्रार कुणी केली नाही. बरेच जण गणित आणि इतिहासाच्या नोंदी पाहून पुढे गेले. काहींना हे चित्र का म्हणायचं ते कळलं नाही आणि त्यांनी तसं विचारलंही. एका आजोबांनी टॉर्च घेऊन नातवाचं कोरं पान बराच वेळ पाहिलं, मग पानाच्या मागून बोट फिरवलं. खाचा मागच्या बाजूला उंचवट्यासारख्या लागत होत्या. "एवढं दाबून लिव्हतोस व्हय रं?" त्यांनी विचारलं. मुलगा म्हणाला, "परीक्षेत लिहितो तेव्हा." कविता त्यांनी वाचली की नाही, माहीत नाही.

पुढच्या सोमवारी गुणयादीचा फलक जागेवर आला. रविवारचे जादा तास चालूच आहेत. एवढंच बदललं की मराठीच्या बाई आता कविता शिकवताना आधी क्रियापदं काढून घेतात.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली ३४ चित्रं काढायला लावणं वाया गेलं असं म्हणता येणार नाही. सवयीची चित्रं एकदा बाहेर पडावी लागतात. पण त्यांना पूर्ण कागद आणि दोन तासिका नकोत. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर दहा मिनिटं पुरली असती. पाच आठवड्यांतला एक अख्खा आठवडा वाचला असता.

घासण्याचं काम प्रत्येकाने भिंतीकडे तोंड करून, एकट्याने, टॉर्चने आधी पाहून करायला हवं होतं. हे क्रमानेच हवं: आधी टॉर्च, मग निवड, मग पेन्सिल. टॉर्चने पान बिघडत नाही. पेन्सिलीने एकदा वर आलेलं परत आत जात नाही.

समुपदेशकाचं नाव, १४४१६ आणि मुलांसाठीच्या मदतसेवेचा १०९८ हे क्रमांक विषय सुरू करण्याच्या दिवशीच फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवायला हवे होते. ते लिहिले, पण चित्र सापडल्यानंतर.

आणि कवयित्री. तिची परवानगी घेतली, नाव झाकलं, पण कामात तिला कुणी बोलावलं नाही. दहावीचं वर्ष, तिचा वेळ जाईल, असं सगळ्यांनी परस्पर ठरवलं. ती पालकसभेच्या दिवशी आजीला घेऊन आली आणि एका मुलीला विचारून गेली की कोणत्या कंपनीचं पेन सगळ्यात खोल उमटतं.